आधी ढाळ, मग टाइल

साताऱ्यातलं आमचं बैठं घर वडिलांनी 1978 साली बांधलं. विटांच्या भिंती, वर स्लॅब आणि मागच्या अंगाला सहा बाय साडेचार फुटांचं न्हाणीघर. संडास त्या काळच्या रीतीप्रमाणे वेगळा, परसात. न्हाणीघरात खाली शहाबादी फरशी, भिंतींना कमरेइतकी सिमेंटची घोटाई, एका कोपऱ्यात तांब्याच्या बंबाची जागा आणि दुसऱ्या कोपऱ्यात भिंतीला भोक पाडून केलेली मोरी. बंब कधीच माळ्यावर गेला, पण त्याची काजळी छताला तशीच राहिली. पुढे गिझर आला, नळ बदलले, एकदा रंग दिला. बाकी सगळं वडिलांनी केलं तसंच चालू होतं.

काम काढायला दोन कारणं झाली. पहिलं आईचे गुडघे. दाराशी सहा इंचांचा उंबरा, आत निसरडी फरशी आणि आधाराला फक्त नळ. ती आंघोळीला गेली की बादलीचा आवाज थांबेपर्यंत घरात कुणाचं कामात लक्ष नसायचं. दुसरं कारण म्हणजे न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीची भिंत. तिला गुडघाभर उंचीपर्यंत लोणा लागला होता. दर दिवाळीला पोपडे खरवडून रंग द्यायचा आणि गुढीपाडव्यापर्यंत नवे पोपडे झाडायचे, हे वर्षानुवर्षं चाललेलं.

एका ठेकेदाराने माप घेऊन सव्वा लाख सांगितले. माझ्याकडे पंचेचाळीस हजार होते आणि त्यापुढे कर्ज काढायचं नव्हतं. मी पतसंस्थेत नोकरी करते. घरदुरुस्तीच्या कर्जाची प्रकरणं रोज माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे अंदाजपत्रक वाचायची सवय आहे. बहुतेकांत टाइलचा आकार, कंपनी, नळाचं मॉडेल, शॉवर, आरसा असं सगळं ओळीओळीने लिहिलेलं असतं. आणि खाली एक ओळ असते : ‘प्लंबिंग व वॉटरप्रूफिंग, एकरकमी’. मला दिलेला कागदही असाच होता. ज्या गोष्टींमुळे भिंत ओली होते आणि माणूस घसरतो, त्यांना त्यात सगळ्यात कमी जागा होती.

मी तोच कागद उलटा लिहायला घेतला. पाणी कुठून येतं, कुठे पडतं, कुठे मुरतं आणि कुठून बाहेर जातं, एवढ्याच क्रमाने. त्या क्रमात ज्याची गरज पडली ते यादीत आलं. छतापर्यंत टाइल, काचेचं पार्टिशन, पीओपी, थंड-गरम एकत्र करणारा मिक्सर ही सगळी नावं त्या क्रमात कुठे बसलीच नाहीत, म्हणून गळाली. मग यादीपुढे दोन रकाने आखले : मी काय करीन आणि कुणाला बोलवीन. फोडणं, राडारोडा भरणं, पाइप जोडणं, वॉटरप्रूफिंगचे हात मारणं, भिंतीच्या टाइल, दर्जा भरणं, रंग हे माझ्याकडे. फरशीचा ढाळ आणि मोरीचा ट्रॅप मिस्त्रींकडे. विजेचं काम परवानाधारक वायरमनकडे. ज्या कामात चुकलं तर सगळं पुन्हा फोडावं लागेल किंवा जीवावर बेतेल, तिथे मजुरीत काटकसर करायची नाही, एवढा नियम मी स्वतःला घातला. लेक सुट्टीला घरी आली होती, ती माझ्या बरोबरीने राबली.

आंघोळीची सोय आधी परसात केली. बांबूंना ताडपत्री बांधली, खाली दोन फरश्या टाकल्या आणि आईसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. हे आधी केलं नाही तर कामाची घाई घरातली माणसंच करायला लागतात, आणि सिमेंटच्या कामाला घाई चालत नाही.

फोडायच्या दिवशी आधी मेन स्विच आणि मेन कॉक बंद केला. मग हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत वाजवून पाहिली. घट्ट प्लास्टर टणक वाजतं, विटेपासून सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणाऱ्या जागांना लेकीने खडूने गोल केले, तर खालच्या चार फुटांत भिंत जवळपास पांढरीच झाली. वरचा भाग मात्र शाबूत होता. म्हणजे वरचं प्लास्टर ठेवायचं आणि खालचं विटेपर्यंत काढायचं. पैशांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता, आणि तो फुकटच्या खडूने मिळाला.

शहाबादी फरशी काढताना तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिला नाव पडलं. तो चुनखडीचा दगड आहे. चुनखडीला आम्ल चालत नाही, तिच्यावर फेस येतो आणि दगड झिजतो. आमच्याकडे डाग काढायला वर्षानुवर्षं बाजारातलं अ‍ॅसिड ओतलं जायचं. त्याने फरशीचा तुळतुळीतपणा जाऊन बारीक खड्डे पडले होते. त्या खड्ड्यांत साबणाचा थर धरायचा, आणि निसरडेपणा येत होता तो या थराचा. सांध्यांतलं सिमेंट तर अ‍ॅसिडने कधीच खाऊन टाकलं होतं. प्रत्येक आंघोळीचं पाणी त्या फटींतून खाली जात होतं. फरशीखालचा मुरूम हाताने उचलला तर चिखल. पलीकडच्या खोलीतल्या लोण्याचं मूळ तिथे होतं.

चांगल्या निघालेल्या फरश्या धुऊन परसात धुण्याच्या दगडाभोवती बसवल्या. राडारोड्याच्या गोण्या भरल्या. बांधकामाच्या कचऱ्यासाठी 2016 पासून देशात वेगळे नियम आहेत, तो रस्त्याकडेला किंवा ओढ्यात टाकता येत नाही. आमच्याच आळीत एकांच्या घराचं जोतं भरायचं काम चालू होतं. त्यांना भराव हवाच होता. ट्रॅक्टरचं भाडं मी दिलं आणि विटांचे तुकडे मार्गी लागले.

फोडताना डोळ्यांना गॉगल आणि नाकाला चांगला मास्क हवाच. सिमेंट-वाळूची बारीक धूळ फुप्फुसात साठून राहते. माल कालवताना रबरी हातमोजे हवेत, कारण ओलं सिमेंट कातडी भाजून काढतं. बांधकामावर बायका उघड्या हातांनी घमेली उचलतात, त्यांच्या बोटांची टोकं मी आजवर नुसती पाहत आले होते. संध्याकाळी हात धुतले तेव्हा त्या बोटांकडे आपण इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं हे लागून राहिलं. त्यांच्या कामाला आपल्याकडे ‘अकुशल’ म्हणतात. भरलेलं घमेलं कमरेला झटका न देता कसं उचलायचं, माल किती पातळ झाला की हात आवरायचा, हे शिकायला वेळ लागतो, मग ते अकुशल कसं?

मिस्त्री आले तेव्हा न्हाणीघर उघडं-बोडकं होतं. त्यांनी उंबऱ्यावर उभं राहून आधी मोरीकडे बघितलं आणि म्हणाले, “ताई, वास याच्यातनंच येत होता ना?” जुनी मोरी म्हणजे भिंतीतलं भोक, पलीकडे थेट गटार. मध्ये काहीच अडसर नाही. झुरळं आणि वास दोन्हींना वाट मोकळी. त्या जागी आता नहाणी ट्रॅप बसवला. ट्रॅपचं सगळं काम त्याच्या वळणात साचून राहणाऱ्या पाण्यावर चालतं. दोन इंच, म्हणजे 50 मिलिमीटर पाणी त्यात कायम उभं राहतं आणि गटारातली हवा वर येऊ देत नाही. म्हणून गावाला जाऊन महिनाभराने परतल्यावर न्हाणीघरात वास आला तर फिनेल ओतायच्या आधी मोरीत तांब्याभर पाणी ओतावं. ट्रॅप सुकलेला असतो, एवढंच.

ट्रॅपपासून बाहेरच्या चेंबरपर्यंत तीन इंची पीव्हीसी पाइप टाकला. त्याला मिस्त्रींनी तीन फुटाला एक इंच ढाळ दिला. मी विचारलं, आणखी जास्त दिला तर पाणी लवकर नाही का जाणार? ते म्हणाले, “पाणी जाईल, केस मागं राहतील.” फार उतार असला की पाणी पुढे पळतं आणि घाण पाइपाच्या तळाला बसते. फार कमी असला तर दोन्ही थांबतात. ढाळ बेताचा लागतो आणि तो पाइपाच्या पूर्ण लांबीत सारखा लागतो.

फरशीचा ढाळही त्यांनीच काढला. मी त्यांच्या हाताखाली माल द्यायला होते, त्यामुळे ते कसं करतात हे जवळून पाहता आलं. त्यांच्याकडे लेझर नव्हता, पारदर्शक नळी होती. नळीत पाणी भरायचं, एक टोक मी दाराशी धरायचं, दुसरं त्यांनी कोपऱ्यात. दोन्हीकडचं पाणी थांबलं की पेन्सिलीने खूण. असं चारही भिंतींवर समान पातळीची रेघ आली. तिच्यापासून खाली माप टाकत ते मोरीपर्यंत गेले, फुटाला साधारण पाव इंच. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून मोरीपर्यंत जवळपास दोन इंच फरक निघाला. मग दोऱ्या ताणल्या, दोरीच्या पातळीला मालाचे छोटे ठिपके घातले, ते जरा आवळल्यावर मधली जागा भरली आणि पट्टी फिरवली. शेवटी हाताचा तळवा सगळ्या जमिनीवरून फिरवला. एका जागी थांबले, बोटाने चिमूटभर माल काढला, पुन्हा तळवा फिरवला. पट्टीला न दिसलेला उंचवटा त्यांच्या हाताला लागला होता. मजुरी ठरवताना घासाघीस न केल्याचं मला तेव्हा फार समाधान वाटलं.

उंबरा काढून टाकला. त्याची उंची पाणी बाहेर येऊ नये म्हणून ठेवलेली असते. ढाळ नीट असेल तर तेवढ्या उंचीची गरज उरत नाही. दारात कडाप्प्याची अर्ध्या इंचाची पट्टी घेतली आणि तिची आतली धार घासून गोल केली. दाराची चौकटही कडाप्प्याची केली, म्हणजे कुजण्याचा प्रश्न मिटला. दार जुनंच ठेवलं. त्याचा खालचा कुजलेला भाग कापून नवी फळी जोडली, आतून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मारला आणि बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असं लावलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडून बसतं आणि मदतीला जाता येत नाही. हे कारण ऐकल्यावर आई म्हणाली, “चांगलं केलंस.” त्याआधी ती जुनं दार हलवायला तयार नव्हती.

खोलीकडच्या भिंतीला मात्र वाट पाहावी लागली. लोणा म्हणजे विटांतले आणि मातीतले क्षार. पाणी ते विरघळवून घेऊन वर चढतं, भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि क्षार तिथेच सोडतं. क्षाराचे स्फटिक वाढले की रंग आणि प्लास्टर ढकलून देतात. पाण्याचा उगम बंद केल्याशिवाय वरून कितीही भारी रंग दिला तरी तो पोपडाच होणार. म्हणून ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर काढलं, विटा तारेच्या ब्रशने घासल्या आणि भिंत उघडी ठेवली. न्हाणीघराचं काम पूर्ण होऊन वापर सुरू झाल्यावरही ती भिंत बराच काळ उघडीच होती. येणारे-जाणारे विचारायचे, हे राहिलं का? राहिलं नव्हतं, वाळत होतं. विटा कोरड्या, फिक्या लाल झाल्या तेव्हा नवं प्लास्टर केलं. ती भिंत अजून कोरडी आहे.

पाइपांचं काम मला मनापासून आवडलं. जुने लोखंडी गॅल्व्हनाइज्ड पाइप कापले तेव्हा अर्ध्या इंचाच्या नळीत गंज आणि क्षार धरून हाताच्या करंगळीलाही वाट उरलेली नव्हती. त्या जागी सीपीव्हीसी घेतले, ते गरम पाण्याला चालतात. कापलेलं टोक सरळ हवं, त्याची कुसळं घासून काढायला हवीत. दोन्हीकडे सॉल्व्हंट लावायचं, पाइप आत दाबताना पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा. नाहीतर तो हळूच मागे सरकतो आणि जोड अर्धवट राहतो. नळ जिथे बसतो तिथे पितळी आट्यांचंच फिटिंग घ्यायचं, कारण प्लास्टिकच्या आट्या नळ आवळताना तडकतात. नळाच्या तोट्यांची उंची आईच्या बादलीवर ठरवली.

आमची टाकी स्लॅबवर आहे, नळापेक्षा जेमतेम तीन मीटर वर. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे आमच्याकडे तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. मोठ्या तबकडीच्या शॉवरला असा दाब पुरत नाही, त्यातून पाणी नुसतं गळतं. दुकानदाराने प्रेशर पंप सुचवला. त्याऐवजी टाकीपासून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप आणला, वळणं कमी ठेवली आणि दोन साधे नळ लावले. बादली झटकन भरते, आणि आमच्याकडे आंघोळ बादली-तांब्यानेच होते. पाइप भिंतीत झाकण्याआधी प्लंबरकडून हाताचा प्रेशर पंप भाड्याने आणला, दाब भरून रात्रभर ठेवला. सकाळी काटा जागेवर होता. मग प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढला, बाजूला टेप लावून. पुढे कुणी ड्रिल मारील तेव्हा पाइप कुठून गेलाय हे त्या फोटोत सापडेल.

पाइपांनंतर वॉटरप्रूफिंग. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोनात मालाचा वाटा काढला, म्हणजे कोन गोलसर झाला. काटकोनात लेप पातळ बसतो आणि तडा तिथूनच जातो. ट्रॅपच्या कडेने आणि वाट्यावर फायबरची जाळी चिकटवली. त्यावर दोन घटक मिसळून करायच्या लेपाचे दोन हात मारले, पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. आडव्या हातात राहिलेली बारीक छिद्रं उभ्या हातात बुजतात. जमीन, सगळ्या भिंती फूटभर आणि आंघोळीच्या कोपऱ्यात चार फूट असा लेप घेतला. मग मोरीत ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवून दोन इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली आणि दाराला कडी घातली. दोन दिवस कुणी आत जायचं नाही. पाणी रेघेपासून केसभर खाली गेलं, तेवढं हवेत उडतंच. पाडायच्या आधी जमीन किती पाणी प्यायची हे मला माहीत होतं, म्हणून त्या रेघेचं मोल मला कळत होतं. ही चाचणी कुठल्याही ठेकेदाराला सांगता येते. तिला खर्च पाण्याचा फक्त. तरी ती क्वचित होते, कारण तिच्यासाठी दोन दिवस काम थांबतं.

थांबणं हा या कामाचा मोठा भाग आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते आवळतं. ते लवकर सुकलं तर अर्धवट राहतं. नव्या प्लास्टरवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. रोजंदारीच्या हिशेबात हे दिवस कुणालाच परवडत नाहीत. आपण स्वतः काम करत असू तर मात्र परवडतात. पैसे कमी असलेल्या माणसाकडे ही एक श्रीमंती असते : त्याला सिमेंटच्या वेळेने चालता येतं.

आईच्या बैठकीसाठी पक्का कट्टा करायचा होता. किती उंच, हे पुस्तकात पाहून ठरवायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. परसात सुट्या विटा रचल्या आणि त्यावर जुना पाट ठेवला. आई बसली. पहिल्या उंचीला बसता आलं, उठताना तिने माझा खांदा धरला. एक थर वाढवला. या वेळी तिने हात गुडघ्यावर टेकून जोर केला, पाट सरकला आणि ती पुन्हा बसली. लेकीने पाटाखाली पातळ फरशी घातली. आई उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग तांब्या हातात घेऊन बादलीतून पाणी घ्यायची कृती केली, पाठीवर पाणी घेतल्यासारखा हात मागे नेला आणि म्हणाली, “बादली खाली पडतीय. तिलाबी वर घे की.” टेप लावला तर कट्टा सतरा इंच, आणि बादलीसाठी बाजूला सहा इंचांची पायरी. ती पायरी आम्हा दोघींच्याही डोक्यात आलेली नव्हती. आधाराची दांडीही अशीच ठरली. आईला उठायला लावलं, तिचा हात आपसूक जिथे गेला तिथे भिंतीवर खडूने खूण केली. बाजारातल्या टॉवेल टांगायच्या दांडीवर माणसाचा भार टाकायचा नसतो. आम्ही सव्वा इंच जाडीचा स्टीलचा पाइप घेतला, हाताची मूठ त्याभोवती पुरी बसते. टाइल झाल्यावर तो विटेत खोल गेलेल्या अँकर बोल्टांनी बसवला आणि मी पूर्ण वजन टाकून लोंबकळून पाहिलं.

टाइल घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला सरळ सांगितलं, बंद झालेल्या डिझाइनचा उरलेला लॉट दाखवा. गुजरातेतल्या मोरबीहून टाइल येतात, डिझाइनं सतत बदलतात आणि प्रत्येक दुकानाच्या मागच्या खोलीत दहा-बारा खोकी पडून असतात. फिकट राखाडी, बारा बाय अठरा इंचांची टाइल मिळाली. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर जुळतो का एवढं पाहिलं. चार फुटांपर्यंत सगळीकडे, आणि आंघोळीच्या कोपऱ्यात सात फुटांपर्यंत. त्यावर सिमेंटचा रंग. जमिनीसाठी मात्र लॉटच्या नादी लागले नाही. खडबडीत अँटिस्किड टाइल घेतली, बारा बाय बारा इंचांची. लहान टाइलला सांधे जास्त येतात, ढाळाला ती नीट वळते आणि सांध्यांनी पायाला पकड मिळते. दुकानातच तिच्यावर पाणी ओतून, चप्पल काढून उभी राहिले.

भिंतीची पहिली रांग खालून सुरू करत नाहीत. जमिनीला ढाळ असतो, ती रांगच तिरकी जाईल. दुसऱ्या रांगेच्या पातळीला सरळ पट्टी ठोकायची, तिच्यावर टाइल बसवत वर जायचं आणि तळाची रांग शेवटी मापाने कापून भरायची. चिकटवायचं मिश्रण दात्यांच्या थापीने पूर्ण पाठीला फासायचं. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून बसवलेली टाइल मागे पोकळ राहते, पुढे बद्द वाजते आणि धक्क्याने फुटते. एक कापलेली टाइल कुठेतरी येणारच. ती दारामागच्या कोपऱ्यात नेली. जमिनीच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरलं. ते साध्यापेक्षा महाग असतं, पण पाणी पीत नाही. थोडं थोडं कालवून लगेच भरायचं आणि ओल्या स्पंजाने लगेच पुसायचं, कारण टाइलवर एकदा सुकलं की निघत नाही. लेक भरत गेली, मी मागून पुसत गेले. अ‍ॅसिडची बाटली तेव्हापासून घरात आलेली नाही. साबणाचं पाणी आणि खराटा पुरतो.

वायरमनने गिझरसाठी वेगळी जाड वायर ओढली, अर्थिंग तपासलं, बटण बाहेरच्या भिंतीवर घेतलं आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वायरमधून बाहेर गेलेला प्रवाह पूर्ण परत आला नाही, थोडासा जरी कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, तरी तो क्षणात वीज तोडतो. साधा एमसीबी हे करत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो. ओल्या अंगाने गिझरखाली उभ्या राहणाऱ्या प्रत्येकासाठी घरात हा असायला हवा. ज्यांनी अजून बसवला नाही त्यांनी न्हाणीघर राहू दे, आधी एवढं करून घ्यावं.

शेवटी हिशेब मांडला. पंचेचाळीस हजारांत शंभर रुपये उरले. त्यातले चोवीस हजारांहून जास्त पैसे सिमेंट-वाळू, पाइप, ट्रॅप, वॉटरप्रूफिंग आणि विजेवर गेले. यातलं आता जवळपास काहीच दिसत नाही. भिंती-जमिनीच्या टाइलना पाच हजार दोनशे लागले. पाहुणे मात्र टाइलचा रंग छान आहे म्हणतात.

पतसंस्थेत आता कुणी घरदुरुस्तीचं प्रकरण घेऊन आलं की मी ‘एकरकमी’ त्या ओळीवर बोट ठेवते. ट्रॅप कुठला, लेपाचे हात किती, पाणी भरून बघणार का, ढाळ कुणीकडे, घरात म्हातारं माणूस आहे का, धरायला काय आहे, हे विचारते. काही जण चिडतात, बरेच जण बसून घेतात आणि कागद मागतात. हॉलच्या सोफ्यावर खर्च करताना आपण कचरत नाही, तो पाहुण्यांना दिसतो. न्हाणीघरात मात्र घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस रोज एकटं, ओल्या अंगाने, दार लावून जातं. तुमच्याकडे पैसे थोडे असतील तर टाइलच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा. आधी त्या माणसाला विटांच्या थरावर बसवून उठवून बघा, हात कुठे जातो ते पाहा आणि पाणी कुठे जातं ते पाहा. पहिला रुपया तिथे खर्च करा.